जड टूरिंग गाडी सोडून हलकी अ‍ॅडव्हेंचर बाईक घ्यावी का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर):
माझ्याकडे 241 किलोची सुपर मिटिऑर 650 ही टूरिंग गाडी आहे. जबलपूरच्या सरळ रस्त्यावर तिच्यासारखे सुख नाही. परंतु परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना एका वळणावर खडीत पाय घसरला आणि आडवी झालेली गाडी उचलायला दोन गुराख्यांना धावून यावे लागले. आता हिमालयन 450 ही अ‍ॅडव्हेंचर बाईक मनात आहे. सौ. मागे बसतात, पुढे पस्तावा तर होणार नाही ना?

उत्तर (मानेवाडा):
हिमालयनचे वजन 196 किलो, म्हणजे 45 किलोंची सूट मिळेल. मात्र आपल्या गाडीची सीट 740 मिलिमीटरवर आहे आणि हिची 825 वर, त्यामुळे उंची बेताची असल्यास सिग्नलला चवड्यांवर तोल सांभाळताना हीच गाडी अधिक जड वाटू शकते. आपली उंची किती?

उत्तर (सदर):
एकवीस इंची पुढचे चाक खड्डे सहज गिळते, हे खरे. तरीही आपल्या गाडीच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनाचा शांतपणा हिमालयनच्या एका सिलिंडरमध्ये शोधू नये. (समृद्धी महामार्गावर दुचाकींना तशीही बंदी आहे, तेव्हा तिथल्या वेगाची हळहळ कशाला?)

प्रश्नकर्ता:
उंची पाच फूट पाच इंच.

उत्तर (मानेवाडा):
मग वहिनींना मागे बसवून, टाकी भरलेली असताना, उतारावर थांबून पाहा. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर काहीही कळत नाही. शिवाय दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या लावल्यास वाचवलेल्या वजनातले बरेचसे परत येते, म्हणून कापडी बॅगाच घ्याव्यात.