ब्लूज गिटार: आधी शफल की आधी पेंटॅटॉनिक?

सहावी_तार
ब्लूज शिकायला घेतलं की जो तो पाचव्या फ्रेटवरचा (पडद्यावरचा) ए मायनर पेंटॅटॉनिकचा, म्हणजे पाच स्वरांच्या स्केलचा, बॉक्स (बोटं ठेवायच्या जागांचा आराखडा) पाठ करतो आणि वरखाली पळवत बसतो. मला हे साफ चुकीचं वाटतं. आधी बारा बार, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा खंडांचा ब्लूजचा साचा, अंगात मुरू द्या. चार बार ए७ कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर), दोन डी७, दोन ए७, मग एकेक बार ई७, डी७, ए७ आणि ई७. उजव्या हाताला शफल: मात्रेचे तीन भाग करायचे, मधला गाळायचा. बॉक्स दोन-तीन महिने बाजूलाच ठेवा. ब्लूज गिटारवादक-गायक रॉबर्ट जॉन्सनची १९३६-३७ची रेकॉर्डिंग ऐका, एकटा माणूस ठेकाही धरतो आणि सुरावटही वाजवतो.

मींडवेडा
असहमत. जॉन्सन तर बारांच्या मात्रा कमीजास्त करतो, गाण्याची ओळ लांबली की बारही लांबतो. ब्लूजवालाच जॉन ली हुकर, त्याची कित्येक गाणी एकाच कॉर्डवर आहेत. तुमचा साचा तिथे कुठे बसतो? आणि ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग! कॉर्ड आपल्याला नीट जमत नाहीत असं तो स्वतः सांगायचा. पण डाव्या हाताच्या व्हायब्रॅटोमुळे (स्वर थरथरवण्यामुळे) त्याचा एक स्वर ऐकला तरी माणूस ओळखता येतो. शिवाय पेंटॅटॉनिक म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे आपला धानी रागच. पेटीवर कान तयार झालेल्याला तीन महिने नुसता ठेका धरायला लावलात तर तो गिटार खुंटीला टांगेल.

सहावी_तार
किंगच्या मागे अख्खा बँड होता हो! घरी एकट्याने वाजवणाऱ्याच्या मागे कोण आहे? तुमच्याच बॉक्समधला तिसऱ्या तारेवरचा पाचव्या फ्रेटचा सी घ्या. ए७ वर तो पहिल्या बोटाने जमिनीकडे जरासा ओढला, सी शार्पपर्यंत न नेता, की खरा ब्लूज वाजतो. पाचव्या बारात डी७ आला की तोच सी कॉर्डमधलाच स्वर होतो, तिथे तो सरळ वाजवायचा. आपण कितव्या बारात आहोत हे ज्याला ठाऊक नाही त्याला हे कसं कळणार?

रात्रीचा_रियाज
बॅकिंग ट्रॅक (साथीचं तयार रेकॉर्डिंग) लावा की.

सहावी_तार
मग बार ट्रॅक मोजतो, वाजवणारा नाही.

मींडवेडा
सीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो कळायला आधी सी ओढता यायला हवा ना? नवशिक्याला पहिल्या दिवशी तो ओढायला शिकवा आणि डी७ वर मुद्दाम ओढायला लावा. त्याचं त्यालाच खटकेल, आणि मग तो बार आपणहून मोजू लागेल.