नाण्याची किंमत वयावर नाही, खालच्या अक्षरांवर पाहा

इथे एकाने जुन्या रोमन नाण्याचे फोटो टाकून त्याची किंमत विचारली आहे. त्यावर आलेलं ‘सोळाशे वर्षं जुनं, म्हणजे लाखात जाईल’ हे म्हणणं पटत नाही. घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाल्याने भोसकणारा शिपाई आणि भोवती ‘फेल टेम्प रेपारातिओ’ ही लॅटिन अक्षरं, म्हणजे हे रोमन सम्राट दुसऱ्या कॉन्स्टँटियसच्या काळातलं तांब्याचं नाणं. इ.स. 348 पासून ही मालिका साम्राज्यभरच्या टांकसाळींत एवढी पाडली गेली की आजही ती ढिगाने सापडतात. झिजलेला साधा नमुना दहा-वीस डॉलरला मिळतो.

फोटोंवरच्या चर्चेत एक गोष्ट कुणी विचारली नाही: शिपायाच्या पायाखाली, आडव्या रेषेच्या खाली काय लिहिलंय? तिथे टांकसाळीची खूण असते. ‘टीआर’ असेल तर आजच्या जर्मनीतलं ट्रीअर, ‘एएलई’ असेल तर इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया. माझ्याकडच्या नाण्यावर ही ओळ समोरून पाहिली तर नुसती काळी दिसायची. खोलीतले दिवे घालवून टॉर्च अगदी आडवा धरला, तेव्हा सावल्यांमुळे ‘एसएमके’ उमटलं. म्हणजे किझिकस, आजच्या तुर्कस्तानातलं, मार्मारा समुद्राकाठचं. एकाच चित्राच्या दोन नाण्यांच्या भावात फरक पडतो तो बरेचदा या खुणेमुळे आणि अक्षरं किती शाबूत आहेत त्यामुळे.

आणि कृपा करून लिंबू-चिंचेने घासू नका. नाण्यावरचा हिरवट थर शेकडो वर्षांत बसलेला असतो. तो गेला की खालची अक्षरं खरवडली जातात आणि जाणकार संग्राहक तसं नाणं हातातही घेत नाही. आधी वजन आणि व्यास मोजून इथे टाका.