कागद आणि ठशाच्या वाटेने आशिया: सातवीसाठी पाच तासांचा उपक्रम

पाटीपेन्सिल
सातवीच्या वर्गासाठी, पट ४०, आशियाच्या इतिहासावर पाच तासांचा उपक्रम आखते आहे. चीन म्हणजे भिंत, जपान म्हणजे किमोनो असे देशवार तक्ते लावायचे नाहीत. कागद आणि छपाई हा एकच धागा धरून चीन, कोरिया, मध्य आशियातलं समरकंद करत आपल्यापर्यंत यायचं आहे. मुलांनी कागद स्वतः करावा, ठसाही स्वतः उमटवावा. तास ३५ मिनिटांचा, नळ व्हरांड्यात. हातकागद जाळीलाच चिकटतो आणि त्यावर शाई फुटते, या दोन अडचणींवर उपाय हवा आहे. शिवाय कोणत्या सनावळ्या बिनधास्त सांगाव्यात?

बोरू_आणि_दौत
मॅडम, नुसतं वर्तमानपत्र वापरू नका. त्याचा तंतू कमजोर असतो आणि शाईमुळे लगदा करडा होतो. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि वह्यांची वापरलेली पानं निम्मीनिम्मी घ्या. मासिकाचं चकचकीत पान वगळा. नखाएवढे तुकडे रात्रभर भिजवा. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात मूठभर भिजलेला कागद आणि पाऊण लिटर पाणी घालून थांबत थांबत २०-३० सेकंद फिरवा. जास्त फिरवलं की तंतू तुटतात आणि कागद घडी घातल्यावर मोडतो. हे सगळं आदल्या दिवशी उरकून लगदा बादलीतून आणा. टबात तो पाणी घालून ताकासारखा पातळ हवा. आठ मुलांमागे एक टब पुरतो.

चौकटीसाठी भरतकामाची ८ इंची रिंग आणि मच्छरदाणीची नायलॉन जाळी घ्या. रिंगच्या एका बाजूला जाळी कडेशी सपाट येते, दुसऱ्या बाजूला खोलगट राहते. लगद्याचा थर सपाट बाजूवर धरायचा. खोलगट बाजूवर धरला तर रिंगची कड आड येते आणि कागद कापडाला टेकतच नाही. चिकटण्याची निम्मी तक्रार इथूनच येते.

रिंग उभी धरून टबात सरकवा, पाण्याखाली आडवी करा आणि सरळ वर उचला. पाणी गळत असतानाच मागेपुढे आणि डावीउजवीकडे हलकेच हलवा. तंतू त्या दोनतीन सेकंदांतच एकमेकांत गुंततात. पाणी निथळल्यावर हलवलं तर थराला भेगा पडतात. मग ओलसर सुती कापडावर रिंग उपडी ठेवा, जाळीच्या मागून स्पंजने पाणी टिपा, स्पंज पिळा, पुन्हा टिपा. चारपाच वेळा तरी. स्पंजला पाणी लागेनासं झालं की एका कडेने रिंग उचला.

शाई फुटते ती कागदाला खळ (पिठाच्या पातळ पेजेचा लेप) नसल्यामुळे, आणि या अडचणीतच तुमचा इतिहासाचा धडा आहे. चीन-जपानमध्ये कुंचल्याने लिहीत. त्याला मऊ, शाई पिणारा कागद मानवतो. इराण, मध्य आशिया आणि आपल्याकडे बोरू, म्हणजे वेताची टोकदार लेखणी. बोरूचं टोक मऊ कागदात रुततं, तंतू उचकटतं. म्हणून या भागातल्या कागद्यांनी कागदाला पिठाची खळ दिली आणि गुळगुळीत दगडाने तो घोटला. मुलांकडून हे करून घ्या: एक कप पाण्यात एक चमचा कॉर्नफ्लोअर शिजवून गार करा, वाळलेल्या कागदाच्या अर्ध्याच भागाला ब्रशने लावा, पुन्हा वाळल्यावर तेवढाच भाग शंखाने किंवा गुळगुळीत गोट्याने घोटा. मग दोन्ही भागांवर बोरूही चालवा आणि कुंचलाही. याला एक अख्खा तास द्याच. कागद एका मुलखातून दुसऱ्यात जाताना का बदलला, हे मुलांच्या हाताला कळतं.

नकाशावाला
सनावळ्यांबद्दल. ‘त्साय लूनने १०५ साली कागदाचा शोध लावला’ हे वाक्य फळ्यावर नको. झाडाची साल, चिंध्या, मासे धरायची जुनी जाळी यांपासून कागद करण्याची पद्धत त्याने त्या साली चीनच्या हान घराण्याच्या दरबारात मांडली, अशी नोंद आहे. पण चीनच्याच गान्सू प्रांतात फांगमातान इथे मिळालेला, नकाशा काढलेला कागदाचा तुकडा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला आहे. त्याने पद्धत सुधारली आणि रूढ केली, असं सांगा.

मध्य आशियात अरब आणि चिनी फौजांत झालेल्या तलासच्या लढाईचंही तेच. ७५१ मध्ये पकडलेल्या चिनी कारागिरांनी समरकंदला कागद नेला, ही गोष्ट नंतरच्या अरबी लेखनातून येते. समरकंदच्या पूर्वेला मुघ डोंगरावर मात्र त्याआधीची, कागदावरची पत्रं सापडली आहेत. दोन्ही माहिती दोन चिठ्ठ्यांवर लिहून गटांना द्या आणि कशावर जास्त विसंबाल, का, एवढंच विचारा. उत्तर लगेच सांगून टाकू नका.

८६८ मधली वज्रच्छेदिका सूत्र या बौद्ध ग्रंथाची छापील गुंडाळी अवश्य घ्या. ती चीनमधल्या दुनह्वांगच्या गुहेत मिळाली. वर तारीख छापलेली आहे. लांबी सुमारे पाच मीटर, कागदाच्या सात पट्ट्या जोडलेल्या. वर्गात तेवढी दोरी आडवी धरून दाखवा. मूळ ग्रंथ संस्कृत, चिनी भाषांतर कुमारजीवाचं. त्याचे वडील भारतातले, आई मध्य आशियातल्या कुचा राज्याच्या राजघराण्यातली. एका वस्तूत नकाशावरची तीन ठिकाणं येतात.

आपल्याकडे येताना दौलताबाद-खुलदाबाद रस्त्यावरचं कागजीपुरा घ्या. तिथल्या हातकागदाचं नातं परंपरेने तुघलकाच्या १३२७ च्या राजधानी बदलाशी जोडतात. छपाई मात्र पूर्वेकडून नाही, समुद्रमार्गे पोर्तुगिजांबरोबर १५५६ मध्ये गोव्याला आली. कागद चालत आला, ठसा का नाही आला? हा प्रश्न शेवटच्या तासाला मोकळा सोडा.

पाटीपेन्सिल
फारच उपयोगी. वाळवण्याचा वेळ कसा बसवू? आणि मुलांच्या हातात लिनोचं कटर (ठसा कोरायचं धारदार हत्यार) द्यायचं धाडस नाही.

उलटी_अक्षरं
कागद शुक्रवारी करा, कापडासकट वर्तमानपत्रांच्या थप्पीत घालून वर फळी आणि दोन विटा ठेवा. तासाभराने कोरड्या कापडावर हलवून पसरा, सोमवारी तयार. पावसाळ्यात बुरशी धरते, त्यामुळे उपक्रम दिवाळीनंतर ठेवा.

कटर नकोच. थर्माकोलच्या ताटलीवर पेनने कोरायचा सोपा उपाय बरेच जण सुचवतील, पण त्यात अक्षर खोल जातं आणि पांढरं उमटतं. चिनी ठशात अक्षर उठावाचं, भोवतालचं लाकूड काढलेलं. त्यासाठी जाड फोम शीटची अक्षरं कात्रीने कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. आधी बटर पेपरवर अक्षर लिहायचं, कागद पालथा घालायचा, पलीकडून दिसणारी उलटी रेघ फोमवर गिरवायची. तिथले कोरणारेही लिहिलेला पातळ कागद असाच पालथा लाकडावर चिकटवत. शिरोरेघ वरच राहते, म्हणून मुलांना अक्षर सुलट आहे असं वाटतं. काना कोणत्या बाजूला आला ते तपासायला लावा.

पोस्टर कलर पाणी न घालता स्पंजने थोपटून लावा. पातळ रंग खाचांत उतरतो. कागद वर ठेवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा. दाबयंत्र लागत नाही, तिथेही पाठीवरून ब्रशच फिरवत.

यानंतर सुट्या खिळ्यांचा, म्हणजे एकेका अक्षराच्या सुट्या ठशांचा हिशोब. चीनमध्ये बी शंगने १०४० च्या दशकात भाजलेल्या मातीचे खिळे केले. नेहमीच्या चिन्हांचे वीसहून अधिक नग तो ठेवत असे. कोरियात १३७७ मध्ये धातूच्या खिळ्यांनी पुस्तक छापलं गेलं. मुलांना कवितेच्या चार ओळी द्या: जोडाक्षरं धरून वेगवेगळे खिळे किती, प्रत्येकाचे नग किती? मग तेच हजारो चिन्हांच्या चिनी लिपीसाठी करायला सांगा. लाकडी ठसा तिथे इतकी शतकं का टिकला, ते मुलंच मांडतात. गटागटाने १५ मिनिटं पुरतात, फक्त ओळींत जोडाक्षरं भरपूर असू द्या.