शब्दचर्चा : ‘अतिगोपनीय’ की ‘मर्यादित प्रवेशाचा’? आणि ‘कथित’ नेमकं काय?

प्रश्न : अमेरिकेतल्या यूएफओ (ओळख न पटलेल्या उडत्या वस्तू) प्रकरणाच्या बातम्यांत ‘स्पेशल ॲक्सेस प्रोग्राम’ (एसएपी) सारखा येतो. ‘अतिगोपनीय कार्यक्रम’ चालेल? शिवाय ‘टॉप सिक्रेट मंजुरी असूनही ग्रुश यांना माहिती नाकारली’ हे वाक्य वाचणाऱ्याला परस्परविरोधी वाटतंय. (ग्रुश म्हणजे सरकारकडे गुप्त यूएफओ कार्यक्रम असल्याचा दावा करणारे अमेरिकी हवाई दलाचे माजी गुप्तवार्ता अधिकारी.)

उत्तर : गोंधळ ‘मंजुरी’ने केलाय. क्लिअरन्स म्हणजे पात्रता. दार उघडायची परवानगी वेगळी. गोपनीयतेचे दर्जे तीनच आहेत : कॉन्फिडेन्शियल, सिक्रेट, टॉप सिक्रेट (२००९ चा अध्यक्षीय आदेश १३५२६). एसएपी हा त्यावरचा चौथा दर्जा नव्हे, त्याच दर्जांना घातलेलं जादा कुंपण आहे. म्हणून ‘अति’ नको. आत शिरायला पात्रता हवी, कामापुरती गरज दाखवावी लागते, नाव सुचवलं जाऊन मंजूर व्हावं लागतं आणि गुप्ततेच्या करारावर सही करावी लागते. मगच माहिती मिळते. याला तिकडे ‘रीड इन’ म्हणतात. ‘वाचून दाखवलं’ लिहाल तर हसं होईल, ‘कार्यक्रमात घेतलं’ लिहा. यादी कार्यक्रमाचा सुरक्षा अधिकारी सांभाळतो. यादीत नाव नसेल तर जनरलसुद्धा बाहेर. पण या अधिकाऱ्याला ‘सुरक्षारक्षक’ करू नका. हा दारावर उभा नसतो, कागद घेऊन बसलेला असतो.

दुसरं उत्तर : ‘मर्यादित प्रवेशाचा कार्यक्रम’ला माझं मत. ‘प्रतिबंधित’ तर मुळीच नको, बंदी घातलेला वाटतो. आणि ‘गोपनीय’ म्हटलं की आपल्याकडे आधी सरकारी नोकराचा वार्षिक गोपनीय अहवालच आठवतो! एसएपींचे दोन प्रकारही बातम्यांत येतात. ‘अनॲक्नॉलेज्ड’ = ज्याचं अस्तित्वही मान्य केलेलं नाही असा. ‘वेव्ह्ड’मध्ये माफी असते ती नेहमीच्या अहवालाची : संसदेच्या संरक्षणविषयक समित्यांचे अध्यक्ष आणि दुसऱ्या पक्षाचे प्रमुख सदस्य, एवढ्यांनाच कळवायचं, तेही सहसा तोंडी. ‘माफ कार्यक्रम’ लिहिण्यापेक्षा एक ओळ खर्च करा.

तिसरं उत्तर : खरी चूक ‘कथित’च्या जागेची होते. ‘कथित यूएफओ कार्यक्रम’ म्हटलं की कार्यक्रमच संशयास्पद होतो. पण प्रोजेक्ट ब्लू बुक हा अमेरिकी हवाई दलाचा यूएफओ-तपास १९५२ ते १९६९ उघड चालला. १२,६१८ नोंदींपैकी ७०१ चा उलगडा झाला नाही. २००८ चा संरक्षण गुप्तवार्ता संस्थेचा २.२ कोटी डॉलरचा प्रकल्पही खरा. सिनेटर हॅरी रीड यांनी २००९ मध्ये त्याला एसएपीचं कुंपण मागितलं, ते मिळालं नाही. कथित आहे ते परग्रहावरचं यान. तेव्हा ‘गुप्त कार्यक्रमातलं कथित यान’. पेंटॅगॉनच्या ‘आरो’ या यूएफओंचा तपास करणाऱ्या कार्यालयाने मार्च २०२४ च्या अहवालात अशा यानाचा पुरावा नसल्याचं म्हटलंय, म्हणून ‘तथाकथित’ करायचा मोह होईल. आवरा. ‘कथित’ तटस्थ आहे, ‘तथाकथित’मध्ये लेखकाने नाक मुरडलेलं असतं.

प्रश्नकर्ता : मग असं? ‘टॉप सिक्रेट दर्जाची पात्रता असूनही ग्रुश यांना त्या कार्यक्रमांत प्रवेश नाकारला, असं त्यांनी २६ जुलै २०२३ च्या संसदेपुढच्या साक्षीत सांगितलं.’

पहिलं उत्तर, पुन्हा : ‘त्या कार्यक्रमांत’च्या आधी एक ‘कथित’ हवा. ते कार्यक्रम आहेत हेच त्यांचं म्हणणं आहे.