रेसलमेनिया ३ (१९८७): सॅव्हेज-स्टीमबोटमध्ये एवढं काय आहे, आणि आंद्रे उचलला गेला कसा?

रिंगसाइड_सातारा

मंडळी, अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या पॉन्टियॅक सिल्व्हरडोममध्ये २९ मार्च १९८७ ला झालेला डब्ल्यूडब्ल्यूएफचा (आजची डब्ल्यूडब्ल्यूई, निकाल आधी ठरलेल्या व्यावसायिक कुस्तीची कंपनी) हा शो इथे बऱ्याच जणांना पाठ आहे, म्हणून थेट विचारतो.

रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोटची लढत १४ मिनिटं ३५ सेकंदांची. तरीही चांगली मॅच कशी बांधावी याचा विषय निघाला की आजही तिचंच नाव पुढे येतं. "भारी मॅच" हे कळतं, पण डावांच्या पातळीवर तिच्यात वेगळं काय होतं?

दुसरं म्हणजे हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं ते. आंद्रेचं जाहीर केलेलं वजन ५२० पौंड, म्हणजे जवळपास २३६ किलो. उचलताना आंद्रेची मदत किती होती? आणि पहिल्याच मिनिटाला होगन त्याच्याखाली कोसळतो, ते कशासाठी ठेवलं होतं?

शेवटचं, ९३,१७३ प्रेक्षकांचा आकडा कितपत खरा?

आर्मड्रॅग

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. ही मॅच कळायला आधी वैर कुठून सुरू झालं ते माहीत हवं, कारण निम्मे डाव तिथूनच निघतात. नोव्हेंबर १९८६ मध्ये सॅव्हेजने स्टीमबोटची मान रिंगबाहेरच्या कठड्यावर आपटली आणि मग रिंगची घंटा घेऊन वरून त्याच्या गळ्यावर उडी मारली. कथेप्रमाणे स्टीमबोटचं स्वरयंत्र जायबंदी झालं. आता मॅच बघा. सुरुवातीलाच स्टीमबोट दोन्ही हातांनी सॅव्हेजचा गळा धरून त्याला जमिनीपासून उचलतो. पुढे सॅव्हेजला संधी मिळते तेव्हा तोही गळ्यावरच जातो, दोरावर गळा आपटतो. आणि शेवटी पुन्हा तीच घंटा बाहेर निघते. गळा आणि घंटा या दोनच गोष्टींवर सगळं उभं आहे, त्यामुळे मागच्या रांगेतल्या माणसालाही काय चाललंय ते समजतं.

दुसरी गोष्ट तयारीची. त्या काळात बहुतेक मॅचचा फक्त शेवट ठरलेला असायचा. मधलं सगळं रिंगमध्येच, पकडीत असताना कानात कुजबुजून ठरायचं. सॅव्हेजला ते मान्य नव्हतं. त्याने सगळी मॅच पिवळ्या कागदांच्या पॅडवर डाव-डाव करून लिहिली, प्रत्येक डावाला क्रमांक दिला. मग दोघं एकमेकांची परीक्षा घ्यायचे: एकाने क्रमांक सांगायचा, दुसऱ्याने तिथून पुढचं सगळं म्हणून दाखवायचं. स्टीमबोटने हे नंतर मुलाखतींमध्ये सविस्तर सांगितलं आहे.

या पद्धतीत धोकाही मोठा. एक दुवा विसरला की पुढची साखळी तुटते, कारण दुसरा आधीच पुढच्या डावाच्या जागेवर जाऊन उभा असतो. शिवाय प्रेक्षक एखाद्या ठिकाणी अपेक्षेपेक्षा जास्त ओरडले तर तिथे थांबून ती लाट वाढवायची मोकळीक राहत नाही. दोघांची पाठांतरं चोख होती म्हणून हे निभावलं. कोणाच्याही जोडीला झेपणारी ही पद्धत नव्हे.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे 'दोन'ची मोजणी. आपल्या लाल मातीत पाठ लागली की कुस्ती संपली, पंच मोजत बसत नाहीत. इथे तीन मोजेपर्यंत खांदे खाली राहावे लागतात, त्यामुळे दोन आणि तीनच्या मधल्या त्या क्षणात नाट्य भरता येतं. मॅचच्या उत्तरार्धात स्टीमबोट एकामागोमाग एक पिन (खांदे मॅटवर दाबून मोजणी घ्यायचा प्रयत्न) लावत जातो: सनसेट फ्लिप, रोल-अप, स्मॉल पॅकेज असे गुंडाळण्याचे डाव, कॅटापल्ट करून (पाय धरून फेकून) खांबावर आपटून लगेच कव्हर. प्रत्येक वेळी सॅव्हेज दोनवर सुटतो.

यात नीट व्हायला हव्यात अशा गोष्टी तीन. खाली पडलेल्याने मनात रेफरीबरोबर मोजायचं आणि दुसरी थाप पडून गेल्यावरच खांदा उचलायचा. दीडवरच उचलला तर कोणी श्वास रोखत नाही. रेफरीची लय तिन्ही थापांना सारखी हवी. तिसऱ्या थापेआधी हात रेंगाळला की प्रेक्षकाला लगेच कळतं की सुटणार आहे. आणि सुटल्यावर दोघांनी पडून राहायचं नाही, अर्ध्या सेकंदात पुढच्या डावाची हालचाल सुरू व्हायला हवी. या मॅचचा रेफरी डेव्ह हेब्नरची थाप इथे अगदी एकसारखी आहे. त्याचं श्रेय कोणी देत नाही, द्यायला हवं.

शेवटाची रचना तर पुनःपुन्हा बघावी अशी. रेफरी धक्का लागून पडतो. नेमक्या त्याच वेळी सॅव्हेज वरच्या दोरावरून आपला एल्बो ड्रॉप (पडलेल्यावर कोपराने झेप) मारतो. मोजायला कोणी नाही. म्हणजे स्टीमबोट वाचला, पण एल्बो खाऊन उठला असंही झालं नाही. सॅव्हेजचा हुकमी डाव शाबूत राहिला. मग सॅव्हेज घंटा आणतो, स्टीमबोटच्या बाजूने आलेला जॉर्ज स्टील ती हिसकावतो. सॅव्हेज ती परत मिळवून कोपऱ्यावर चढतो तेव्हा स्टील त्याला ढकलून देतो. सॅव्हेज उठून स्टीमबोटला स्लॅमसाठी (आपटायला) उचलतो, स्टीमबोट हवेतच त्याची मान आणि पाय अडकवून स्मॉल पॅकेज करतो, तीन. जोराने जिंकला नाही, चपळाईने जिंकला. १९८७ ची सर्वोत्तम मॅच म्हणून 'प्रो रेसलिंग इलस्ट्रेटेड' आणि 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' या दोन्ही कुस्ती नियतकालिकांनी हीच निवडली, आणि या दोघांचं एकमत नेहमीच होत नाही.

पाठटेक

आंद्रेबद्दल. आधी साधा बॉडीस्लॅम कसा लागतो ते सांगतो, म्हणजे फरक कळेल.

उचलणाऱ्याचा एक हात समोरच्याच्या दोन पायांमधून, दुसरा खांद्यावरून पाठीकडे. उचलला जाणारा आपला तळहात उचलणाऱ्याच्या मांडीवर टेकवून रेटा देतो आणि गुडघ्यातून छोटी उडी मारतो. निम्म्याहून अधिक काम ही उडी करते. वर गेल्यावर तो अंग ताठ ठेवतो, कारण सैल अंग दुप्पट जड लागतं. पडताना हनुवटी छातीला, हात पसरून मॅटवर थाप, भार पाठीच्या वरच्या रुंद भागावर. हनुवटी सुटली तर डोकं आपटतं. पडताना कंबर आधी टेकली तर मणक्याला झटका बसतो. आणि उचलणाऱ्याची कंबर समोरच्यापासून लांब राहिली तर सगळं वजन त्याच्या पाठीच्या खालच्या भागावर येतं.

आता आंद्रे. वाढीचं संप्रेरक जास्त झाल्याने होणारा अॅक्रोमेगली हा विकार, त्यात पाठीची शस्त्रक्रिया होऊन फार काळ लोटलेला नव्हता. काळ्या पोशाखाखाली त्याने पाठीचा पट्टा बांधला होता. उडी मारणं जवळपास अशक्य. म्हणजे वरच्या यादीतली सगळ्यांत मोठी मदतच नव्हती. अंग वळू देणं, होगनवर नीट झुकणं आणि सुरक्षित पडणं एवढंच त्याच्या हातात होतं, आणि ते त्याने केलं. त्याची इच्छा नसती तर ती उचल झालीच नसती, हे त्या धंद्यातला प्रत्येक जण मान्य करतो. होगनच्या बाजूने बघा: उचलून तो फिरवत बसत नाही. वर घेतो, थोडा वळतो, लगेच टाकतो. तेच बरोबर होतं; वर धरून ठेवण्याचा प्रयत्न केला असता तर दोघांच्याही पाठीचं काही खरं नव्हतं.

पहिल्या मिनिटातली कोसळणारी उचल म्हणजे सगळ्या मॅचचा पाया. होगन उचलायला जातो, पाठ जाते, आंद्रे त्याच्यावर पडतो, रेफरी जोई मरेला मोजतो आणि होगन दोनवर कसाबसा सुटतो. या एका प्रसंगाने तीन कामं होतात. उचलणं शक्य नाही हे डोळ्यांनी दिसतं. पुढची दहा मिनिटं होगनला पाठ धरून बसायचं कारण मिळतं, म्हणजे संथ गतीला आधार मिळतो. आणि शेवटची उचल आली की लोक पहिली आठवतात.

मधला लांब बेअर हग (मिठीत घेऊन आवळणं) पुष्कळांना कंटाळवाणा वाटतो. पण आंद्रेला पडणं-उठणं सर्वांत अवघड होतं. बेअर हगमध्ये तो उभा राहतो, भार होगनवर टाकून दम घेतो, आणि दोन माणसांची ती आकृती लांबच्या आसनावरूनही स्वच्छ दिसते. मोजून बघा, शेवटच्या क्लोथ्सलाइनपर्यंत (ताठ हाताचा फटका) आंद्रेला फार थोड्या वेळा खाली जावं लागतं. म्हणूनच तो पहिल्यांदा पाठीवर जातो तेव्हा छत उडाल्यासारखा आवाज होतो. त्यानंतर स्लॅम, लेग ड्रॉप (पडलेल्यावर पाय आपटणं), पिन. एकूण १२ मिनिटं १ सेकंद.

एक दुरुस्ती, कारण हे सगळीकडे चुकीचं लिहिलं जातं: आंद्रेला याआधी कोणी उचललंच नव्हतं ही जाहिरात होती. ऑगस्ट १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये खुद्द होगननेच त्याला स्लॅम केलं होतं. तेव्हा होगन खलनायक होता आणि ती मॅच आंद्रेने जिंकली. हार्ली रेस आणि मेक्सिकोचा कॅनेक यांनीही त्याला उचललेलं आहे. पण १९८७ मध्ये घरोघरी जुन्या टेप नव्हत्या, म्हणून ती जाहिरात खपली.

तिकीटखिडकी

आकड्याबद्दल थोडक्यात. ९३,१७३ हा कंपनीने जाहीर केलेला आकडा. 'रेसलिंग ऑब्झर्व्हर'चे पत्रकार डेव्ह मेल्टझर गेली अनेक वर्षं सुमारे ७८,००० सांगत आले आहेत, आणि त्यांनी त्यासाठी त्या शोशी संबंधित प्रमोटरचा दाखला दिला आहे. फुटबॉलसाठी या स्टेडियमची क्षमता ८०,००० च्या आसपास होती. मैदानावर खुर्च्या मांडल्या की ती वाढते हे खरं, पण किती, यावरच वाद आहे. मला ७८,००० जास्त पटतो. तरी १९८७ मध्ये छताखाली कुस्तीला एवढी माणसं बसली, हीच गोष्ट प्रचंड आहे. शिवाय अनेक शहरांत क्लोज्ड सर्किटवर मोठ्या पडद्यावर बघणारे वेगळेच.

स्टेडियमबद्दलची आणखी एक गोष्ट मॅच बघताना ध्यानात ठेवा. छत हवेच्या दाबावर तोललेल्या कापडाचं होतं आणि त्यातून दिवसाचा उजेड आत यायचा. शो दुपारी सुरू झाला, म्हणून सुरुवातीच्या मॅच उजेडात दिसतात. आणि अंतर: १०० मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत आवाज जायला साधारण ०.३ सेकंद लागतात, त्याची ओरड परत रिंगपर्यंत यायला तितकेच. छोट्या हॉलमध्ये पैलवान टाळीच्या लयीत डाव टाकतात, ते इथे चालत नाही. होगन कानाला हात लावून थांबतो, तो थांबा या जागेसाठी अगदी योग्य होता.

रिंगसाइड_सातारा

@पाठटेक, उडीचा मुद्दा कधी लक्षातच आला नव्हता. आता दोन्ही उचली शेजारी-शेजारी लावून बघतो. बाकीच्या दहा मॅचमधल्या कुठल्या बघाव्यात? सगळा शो तीन तासांच्या आसपास जातो.

कोपरा_नं_३

रॉडी पायपर विरुद्ध एड्रियन अॅडोनिस सोडू नका, पण त्याआधीची ड्रीम टीम विरुद्ध रूजो बंधू हीदेखील बघा, कारण ती तिची पूर्वतयारी आहे. तिथे ड्रीम टीम जिंकते, पण त्यांच्यातल्याच ब्रूटस बीफकेकला त्याचेच साथीदार रिंगमध्ये सोडून निघून जातात. लगेच पुढच्या मॅचमध्ये पायपर अॅडोनिसच्या स्लीपरमध्ये (मागून मान आवळून बेशुद्ध करायची पकड) अडकतो. अॅडोनिसला वाटतं काम झालं, रेफरीने निर्णय देण्याआधीच तो पकड सोडतो. बीफकेक येऊन पायपरला शुद्धीवर आणतो, पायपर स्लीपर लावून जिंकतो आणि केस कापण्याची अट असल्याने अॅडोनिसचे केस बीफकेक कापतो. तिथून बीफकेकचं 'बार्बर' हे रूप जन्माला आलं. दोन मॅचमध्ये एका माणसाची बाजू बदलली, नवं काम मिळालं, आणि एकही भाषण लागलं नाही. आजच्या लेखकांनी हे शिकावं असं मनापासून वाटतं.

हार्ट फाउंडेशन आणि डॅनी डेव्हिस विरुद्ध ब्रिटिश बुलडॉग्ज आणि टिटो सँटाना ही मॅच बघताना बुलडॉग्जमधल्या डायनामाइट किडकडे लक्ष द्या. डिसेंबर १९८६ मध्ये त्याच्या पाठीला गंभीर दुखापत झाली होती. तो अगदी मोजकंच काम करतो, धावपळ त्याचा जोडीदार डेव्ही बॉय आणि सँटाना उचलतात. तिघांच्या टीममध्ये जखमी माणूस कसा सांभाळून घ्यायचा, याचा हा चांगला नमुना आहे. बिली जॅक हेन्स विरुद्ध हर्क्युलीस दोघांच्या फुल नेल्सनपुरती (काखेतून हात घालून मानेमागे आवळायची पकड) बघा. बाकीच्या ओझरत्या बघितल्या तरी चालेल.

आणि पैलवानांना रिंगपर्यंत आणणाऱ्या, रिंगच्या आकाराच्या त्या छोट्या गाड्या शोभेच्या समजू नका. ड्रेसिंग रूमपासून रिंगपर्यंतचं अंतर फार होतं, चालत आले असते तर तेवढ्याने शो लांबला असता. आंद्रेला तर ती गाडी गरजेचीच होती.

आर्मड्रॅग

@कोपरा_नं_३ शी सहमत, फक्त हाँकी टाँक मॅन विरुद्ध जेक रॉबर्ट्स ओझरती बघू नका. मॅच सामान्य आहे, पण पुढचं कळायला उपयोगी. स्टीमबोटने मुलाच्या जन्मासाठी सुट्टी मागितली, आणि जून १९८७ मध्ये इंटरकॉन्टिनेंटल पट्टा (स्टीमबोटने सॅव्हेजकडून जिंकलेलं विजेतेपद) याच हाँकी टाँक मॅनकडे गेला. त्याने तो ४५४ दिवस ठेवला. म्हणजे इतकी मोठी मॅच जिंकलेल्या माणसाकडे पट्टा जेमतेम दोन महिने राहिला.

पाठटेक

आणि होगन कोसळला तेव्हाची ती दोनची मोजणी वाया गेली नाही. आंद्रेचा मॅनेजर बॉबी हीनन आणि आंद्रेच्या बाजूने पुढे दावा झाला की ते खरं तर तीन होते. त्याच वादातून ५ फेब्रुवारी १९८८ ची इंडियानापोलिसमधली टीव्हीवरची दुसरी लढत उभी राहिली. तिथे उलटं झालं: होगनचा खांदा वर असताना रेफरीने तीन मोजले, आणि मग रिंगमध्ये एकसारखे दिसणारे दोन हेब्नर उभे राहिले, डेव्ह आणि त्याचा जुळा भाऊ अर्ल. रेसलमेनिया ३ नंतर लगेच तीच बघा.