मदत हवी आहे : अलास्कात ग्लेशिअर बेच्या दिवशी आई-बाबांना कुठे बसवू?

मंडळी, सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन अलास्काच्या क्रूझवर जातोय. ग्लेशिअर बे नॅशनल पार्कच्या दिवशी जहाज कुठेही धक्क्याला लागत नाही, सगळं डेकवरूनच बघायचं. आईचे गुडघे दुखतात, बाबांना थंड वाऱ्यात दम लागतो. म्हणून आधीच नीट ठरवायचंय.

एवढं कळलंय की सकाळी पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून जहाजावर चढतात आणि दिवसभर स्पीकरवरून माहिती देतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज बराच वेळ थांबतं आणि हळूहळू वळतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना दर्शन होतं. मग बाल्कनीची खोली पुरेल ना? की पुढच्या उघड्या डेकवरच जायला हवं? बर्फाचा कडा कोसळतानाचा गडगडाट आईने स्वतःच्या कानांनी ऐकावा अशी माझी फार इच्छा आहे. काचेआड बसून तो नीट ऐकू येतो का?

दुसरं, जॉन्स हॉपकिन्सच्या खाडीत सीलची पिल्लं असतात म्हणून मे ते ऑगस्ट मोठ्या जहाजांना बंदी असते. सप्टेंबरमध्ये कुणाचं जहाज आत गेलं होतं का? तरंगत्या बर्फामुळे परत फिरावं लागलं का?

आणि कपडे. मनालीला घेतलेली जाड जॅकेटं आहेत, पण पाऊस-वाऱ्यात ती टिकतील असं वाटत नाही. ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. खोलीचे पैसे याच आठवड्यात भरायचे आहेत.