मदत हवी आहे: काकांना 'येस' बँड दाखवायचाय, पण नेमका कुठला 'येस'?

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच धागा काढतोय. थोडं सविस्तर लिहितो म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल.

माझे धाकटे काका, वय ७१, मंगळवार पेठेत आमच्या जुन्या घरात वरच्या माळ्यावर असतात. ७० च्या दशकात ते मर्चंट नेव्हीत होते आणि तिकडून येताना बाकीचे लोक परफ्युम, घड्याळं आणायचे तेव्हा हे एलपी घेऊन यायचे. आमच्या घरात सकाळी आकाशवाणीवर भक्तिगीतं आणि रात्री वरून 'येस' या इंग्लिश रॉक बँडचा बेस, असं मी लहानपणापासून ऐकतोय, त्यामुळं मला ते संगीत परकं कधी वाटलंच नाही. तर १९७८ साली काकांचं जहाज लंडनच्या बंदराला लागलेलं आणि वेम्बलीला येसचे कार्यक्रम होते, मधोमध गोल फिरणारं स्टेज आणि चारी बाजूंनी लोक. काकांनी तिकीट काढलं. आणि आदल्या दिवशी जहाज सुटलं. ते तिकीट अजून त्यांच्या डायरीत आहे, पिवळं पडलंय, पण फाटलेलं नाही.

आता माझा आतेभाऊ इंग्लंडात आहे, तो म्हणतोय या मामांना घेऊन, राहायची सोय माझ्याकडं. पैशाची जुळणी मी करतोय. काकूंचाही होकार आहे. अडचण अशी की आता बघायचं कुणाला? येस नावानं जो बँड फिरतोय त्यात जुन्यांपैकी फक्त गिटारवाला स्टीव्ह हाऊ. गायक जॉन अँडरसन वेगळ्या पोरांना घेऊन अमेरिकेत तीच गाणी गातोय. बेसवाला ख्रिस स्क्वायर २०१५ ला वारला, ड्रमर अ‍ॅलन व्हाइट २०२२ ला. काका स्वतः म्हणतात, "आता कुठला येस रे, पाटी तेवढी राहिलीय." पण म्हणताना तोंड दुसरीकडं करतात. त्यांना जायचंय हे मला कळतंय.

आयुष्यात एकदाच जाणं होणार आहे. दोन्हीतलं काय निवडावं? ज्यांनी हल्लीच्या काळात बघितलंय त्यांनी कृपया मनापासून सांगा.

जुनी कॅसेट:
माझं मत सरळ आहे, अँडरसन. बँड सुरू केला १९६८ ला त्यानं आणि स्क्वायरनं मिळून, शब्द त्याचे आणि तो वर चढलेला स्वच्छ आवाज पण त्याचाच. २००८ ला तो श्वासाच्या आजारानं पडला, दौरा रद्द झाला आणि त्याच वर्षी बाकीच्यांनी त्याच्याविना दुसरा गायक घेऊन कार्यक्रम चालू केले. तो दुसरा कोण, तर येसचीच गाणी गाणाऱ्या एका कॅनडातल्या बँडमधला बेन्वा डेव्हिड. पोरगा चांगला गायचा, त्याचा काय दोष नाही, पण आजारी माणूस बरा होईपर्यंत थांबायला काय हरकत होती? अँडरसननं तेव्हा उघड बोलून दाखवलंय की त्याला लागलं ते. मी तेव्हापासून त्या बँडची नवीन सीडी घेतलेली नाही. तो आता ८० च्या पुढं आहे आणि बँड गीक्स नावाच्या अमेरिकन पोरांबरोबर उभा राहून 'क्लोज टू द एज' अख्खं गातोय. २०२४ ला त्यांच्याबरोबर 'ट्रू' नावाचा नवीन अल्बम पण काढला. काकांना तो आवाज समोर ऐकवा, बाकी सगळं राहू दे.

बेसवाला राजारामपुरी:
मी स्वतः बेस वाजवतो म्हणून लिहितोय. स्क्वायर जिवंत असेपर्यंत येसचा एकही अल्बम त्याच्याशिवाय निघालेला नाही. अँडरसन १९८० ला बँड सोडून गेला होता, 'ड्रामा' त्याच्याशिवाय झाला. हाऊ १९८३ च्या '९०१२५' वर नव्हता, तिथं गिटार ट्रेव्हर रॅबिनची आणि 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' तर अमेरिकेत एक नंबरला गेलं. म्हणजे 'गायक म्हणजेच बँड' हे येसच्या बाबतीत कधीच पूर्ण खरं नव्हतं. आणि स्क्वायरनं आजारपणात बेस कुणाच्या हातात दिला, तर बिली शेरवूडच्या, स्वतः सांगून, चालू ठेवा म्हणून. ऑगस्ट २०१५ ला त्याच्याविना पहिला कार्यक्रम झाला तेव्हा त्याचा रिकनबॅकर बेस स्टेजवर नुसता उभा करून त्याच्यावर लाइट सोडला होता आणि त्यानंच लिहिलेलं 'ऑनवर्ड' गाणं लावलं होतं. मी तो व्हिडिओ एकदाच बघितला, परत बघवला नाही. ज्याच्या हातात सोपवलंय ते लोक वाजवत असतील तर तो बँड खराच की.

आणि भावा, आपण कोल्हापूरची माणसं हे विचारतोय होय? पाटाकडीलच्या फुटबॉल संघात गेल्या पन्नास वर्षांत किती खेळाडू बदलले, म्हणून शाहू स्टेडियमवर पेठ यायची थांबली का?

जुनी कॅसेट:
फुटबॉलचं वेगळं. तिथं गोल कुणी मारला तरी गोलच. गाण्यात गळा बदलला की गाणं बदलतंय.

पंचगंगाकाठ:
मी येसचा मोठा जाणकार नाही, मुलामुळं ऐकायला लागलो, पण वाद वाचून राहवेना. आपल्या गावचे केशवराव भोसले. १९०८ ला ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली, १९२१ ला वयाच्या ३१ व्या वर्षी गेले. कंपनी थांबली का? बापूराव पेंढारकरांनी चालवली, पुढं भालचंद्र पेंढारकरांनी. लोक नाटकाला येतच राहिले, आणि येताना 'केशवरावांसारखं नाही' असं म्हणत पण असतील, तरी येत होते. त्यांच्या नावाचं नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टला जळलं तेव्हा ज्यांनी केशवरावांचा आवाज कधी ऐकला नाही तेही रस्त्यावर उभे राहून रडलेत. मी होतो तिथं.

तुमच्या बँडचं ते आठ जण एकत्र आलेले ना एकदा, मुलानं दाखवलं होतं, १९९१ चा युनियन दौरा, दोन-दोन गिटारवाले, दोन ड्रमर, दोन कीबोर्ड. ते बघून मला संयुक्त मानापमान आठवलं. १९२१ ला गंधर्वांची कंपनी आणि केशवरावांची कंपनी टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आल्या होत्या. असं परत परत होत नसतं. पण तेवढंच खरं आणि बाकीचं खोटं असंही नसतं.

गडहिंग्लजकर:
पंचगंगाकाठ काका, कंपनी आणि घराणं यात फरक करायला पाहिजे असं मला वाटतं. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरला शाहू महाराजांच्या पदरी होते, त्यांची गायकी भूर्जी खाँ, केसरबाई, मोगूबाई यांच्याकडं गेली ती तालमीतनं गेली, वर्षानुवर्षं समोर बसून. येसमध्ये तसं झालंय का हा खरा प्रश्न. झालंय पण आणि नाही पण. १९७२ ला आधीचा ड्रमर ब्रुफर्ड किंग क्रिमसन या दुसऱ्या बँडला गेला तेव्हा अ‍ॅलन व्हाइटला अख्खा कार्यक्रम बसवायला तीन दिवस मिळाले होते, तीन! आणि त्यानं पुढं मरेपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं तो बँड सांभाळला. आता जो ड्रमर आहे जे शेलेन, तो व्हाइटची पाठ दुखायला लागल्यापासून त्याच्या शेजारीच वाजवत होता, म्हणजे ती तालीमच झाली. शेरवूड तर ९० च्या दशकापासून आतबाहेर आहे. उलट १९८० ला ट्रेव्हर हॉर्नला अँडरसनची गाणी त्याच पट्टीत गायला उभं केलं आणि दौऱ्यात त्याचा आवाज बसायला लागला, इंग्लंडच्या लोकांनी त्याला फार त्रास दिला. तिथं तालीम नव्हती. अल्बम मात्र मला फार आवडतो, आजही.

एक विचारू का? काका सगळ्यात जास्त वेळा कुठली बाजू लावतात? त्याच्यावरनं कळंल त्यांना काय बघायचंय.

धागाकर्ता:
'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'ची पहिली बाजू आणि 'रिलेयर'. टेल्सचं कारण असं की १९७३ ला अँडरसननं परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप वाचली, श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्र, आणि त्या चारावर चार बाजूंचा अल्बम उभा केला. काका म्हणतात मी समुद्रावर एकटा होतो आणि एका इंग्रज माणसाच्या तोंडून आपल्या घरचं ऐकायला मिळालं. आजोबांना त्यांनी हे समजावून सांगितलं होतं म्हणे, आजोबांनी एक बाजू पूर्ण ऐकली आणि म्हणाले पोरगं मनापासून गातंय.

मँचेस्टरचा कोल्हापूरकर:
उशीर झाला उत्तराला. मूळचा शाहूपुरीचा, इथं १९ वर्षं झाली. मी २०२२ च्या जूनमध्ये येसला बघितलंय, 'क्लोज टू द एज'ला ५० वर्षं झाली त्याचा दौरा. अ‍ॅलन व्हाइट २६ मे ला गेला आणि काही दिवसांतच हे लोक स्टेजवर उभे होते, दौरा त्यालाच वाहिलेला. आधी त्याचे जुने फोटो दाखवले. शेजारचा एक ७० चा इंग्रज म्हातारा पूर्ण वेळ हुंदके देत होता, मला त्याचं नावसुद्धा माहीत नाही, पण मध्यंतरात आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून बसलो होतो.

आता काय आवडलं नाही ते पण सांगतो. लय मंदावलीय. 'राउंडअबाउट' येससाँग्ज या जुन्या लाइव्ह अल्बमवर जशी धावते तशी धावत नाही. आताचा गायक जॉन डेव्हिसन, त्याचा आवाज अँडरसनच्या पट्टीत स्वच्छ जातो, माणूस नम्र आहे, पण डोळे मिटून ऐकलं तर फरक कळतो, अगदी थोडा, आणि तो थोडाच जास्त टोचतो. ज्यांना हे सहन होत नाही त्यांनी जाऊ नये.

पण हाऊ. त्याच्यासाठी मी परत जाईन. जन्म १९४७ चा, सडपातळ अंगाचा, आणि एकाच गाण्यात तीन वाद्यं. एक गिटार गळ्यात, दुसरी स्टँडवर समोर लावलेली, तिसरी आडवी स्टीलची, आणि एका ओळीच्या अंतरात इकडून तिकडं. १९६४ ला घेतलेली गिब्सन ईएस-१७५ अजून जपतोय. मध्येच एकटा स्टुलावर बसून साधी गिटार घेऊन वाजवतो तेव्हा सगळं थिएटर चिडीचूप. 'सायबेरियन खत्रू'त सतारीसारखा आवाज येतो ना, इलेक्ट्रिक सतार, ते समोर ऐकायला फार वेगळं वाटतं.

अजून एक. इथल्याच फ्री ट्रेड हॉलमध्ये टेल्सच्या दौऱ्यात येसच्या कीबोर्डवाल्या रिक वेकमननं कार्यक्रम चालू असताना कीबोर्डवर करी मागवून खाल्ली होती, तो स्वतःच सांगतो. त्याला तो अल्बम पटलाच नव्हता, पुढं १९७४ ला बँड सोडला त्यानं. आणि त्याच अल्बमनं मंगळवार पेठेतला माणूस ५० वर्षं बांधून ठेवलाय. काकांना हे सांगा.

व्यवहाराचं: इथं त्यांचे कार्यक्रम बसून बघायच्या थिएटरात असतात, उभं राहायला लागत नाही. मध्यंतर असतं. तिकीट थिएटरच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. मी मागं एका दुसऱ्याच साइटवरून जास्त पैसे देऊन घेतलं आणि सीट खांबामागं निघाली. कानाला मशीन असेल तर थिएटरला आधी मेल करा, ते मदत करतात. आणि कार्यक्रमाच्या किमान आठवडाभर आधी या, म्हणजे प्रवासाचा शीण जाईल. यांचे दौरे पुढं ढकलले जायचे प्रकार झालेत, तेव्हा विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असं घ्या.

जुनी कॅसेट:
मँचेस्टरकर दादा, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. माझं मत अजून तेच आहे, पण काकांना कुठंही न्या, घरी ठेवू नका एवढं नक्की.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर वर गेलो आणि काकांना हा धागा पहिल्यापासून वाचून दाखवला. फ्री ट्रेड हॉलच्या करीचं ऐकून म्हणाले, "माहीत आहे मला, पण तरी तिसऱ्या बाजूचं कीबोर्ड ऐक." ललितकलादर्शचं ऐकून गप्प बसले, त्यांच्या आईनं त्या थिएटरात नाटकं बघितली होती. मग मी सरळ विचारलं, अँडरसन का हाऊ?

बराच वेळ काही बोलले नाहीत. रिलेयर काढली, फडक्यानं पुसली, लावली. थोड्या वेळानं म्हणाले, "आवाज तर मी रोज ऐकतोय. चाळीस वर्षं ह्याच खोलीत ऐकतोय, तो कुठं गेलाय? पण ही बोटं कशी चालतात ते कधी बघितलं नाही. फोटोत बघून अंदाज केला नुसता."

तर ठरलं. हाऊ. सोमवारी पासपोर्ट रिन्यूचा अर्ज भरतोय, नंतर व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला दोघं पुण्याला जाऊ. पुढचा इंग्लंडचा दौरा जाहीर झाला की आतेभाऊ लगेच बुकिंग करणार.

आता शेवटचं तेवढं सांगा, मँचेस्टरकर दादा विशेषकरून तुम्ही: हाऊचे हात नीट दिसायला थिएटरात डावीकडं बसायचं का उजवीकडं? आणि किती रांगा मागं? काकांना लांबचं चष्म्यानं चांगलं दिसतं, जवळचं नाही.